दोरी कोणाच्या हातात?



"डोक्यावर कोणी उभं नसलं, की मजूर हात चालवीत नाही." हे वाक्य आपण बांधावर ऐकतो, कारखान्याच्या फाटकातही ऐकतो. ते खरं आहे का?

डग्लस मॅकग्रेगर नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते. त्यांनी १९६० साली यावर पुस्तक लिहिलं. ते म्हणत, मालकांच्या दोन समजुती असतात. पहिली अशी, की माणूस मुळातच आळशी. त्याला धाक हवा, नाहीतर आमिष हवं. दुसरी अशी, की काम करणं हे खेळण्याइतकंच स्वाभाविक आहे. काम आपलं वाटलं, की माणूस आपण होऊन जबाबदारी घेतो. जशी समजूत, तसे नियम. आणि जसे नियम, तशी माणसं वागू लागतात! मग मालक म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट नावाचं शहर आहे. तिथे जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. साहेब आणि कामगार यांचं हाडवैर. शंभरातले वीस कामगार गैरहजर राहत. मोटारी सरकत्या पट्ट्यावर तयार होत. चूक दिसली तरी पट्टा थांबवायचा नाही, असा दंडक होता. १९८२ साली कारखाना बंद पडला.

१९८४ साली जपानच्या टोयोटा कंपनीने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच. युनियनही तीच. पण आता कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. चूक दिसली, की दोरी ओढायची. मुकादम मदतीला धावून येई. चूक सुधारली नाही, तर पट्टा थांबे. दोरी ओढली म्हणून कोणी रागावत नसे. सहसा कामावरून काढणार नाही, असा शब्दही मिळाला. गैरहजेरी शंभरात दोन-तीनवर आली. मोटारीही चांगल्या निघू लागल्या. तो कारखाना २०१० साली बंद झाला, पण त्याची शिकवण राहिली.

आता माझंच सांगतो. मी मुख्याध्यापक असताना शिपायाला खडूसुद्धा मोजून देत असे. तोही मोजूनच काम करी. एकदा मी आजारी पडलो. किल्ल्यांचा जुडगा नाइलाजाने त्याच्याकडे दिला. पंधरा दिवसांनी येऊन पाहतो, तो गळकी कौलं बदललेली!

"हे आधी का नाही केलंस?" मी विचारलं.

"गुरुजी, कोठीची किल्ली कुठं होती माझ्याकडं?"

मला फार लाज वाटली.

मंडळी, भरवसा म्हणजे ढिलाई नव्हे. हिशेब हवाच. आणि गोड बोलून मजुरी कापणं ही तर लबाडी. पण उद्या तुमच्यापैकी कोणी मुकादम होईल, कोणी बचत गट चालवील. तेव्हा कोणाला कामचुकार म्हणण्याआधी एवढं पाहा : त्याच्या हाती आपण दोरी दिली आहे का?