तात्पुरता परवाना, कायमचे परावलंबन



मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, असे पुण्यातील वा हैदराबादेतील आईवडील अभिमानाने सांगतात. पुष्कळदा ते खरे नसते. मुलगा तेथे पंधरा वर्षे राहिलेला असतो, नियमाने कर भरत असतो, त्याने हप्त्यांवर घर घेतलेले असते. पण कायद्याच्या लेखी तो तात्पुरता आलेला परकीयच असतो. मालकाने कामावरून कमी केले, तर साधारणतः साठ दिवसांच्या आत नवा मालक शोधावा, दुसऱ्या प्रकारचा व्हिसा मिळवावा, नाही तर देश सोडावा, एवढेच त्याच्या हाती उरते. तात्पुरत्या व्हिसाच्या पायरीवरून कायमच्या वास्तव्याकडे जाण्याची ही वाट कोणी बांधली आणि तिचा लाभ कोणाला होतो, याचा विचार कामगार चळवळीने केला पाहिजे.

रांगेची यंत्रणा

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने भारतीयांना प्रवेशबंदी केली. १९४६ साली वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांसाठी दार किलकिले झाले. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेली जुनी वाटणी रद्द केली. पुढे १९९० च्या कायद्याने ‘एच-वन-बी’ हा व्हिसा निर्माण झाला. त्यावर कंपन्यांना वर्षाला ६५ हजार आणि, २००४ च्या दुरुस्तीनंतर, अमेरिकेत उच्च पदवी घेतलेले आणखी २० हजार परकीय तंत्रज्ञ नव्याने घेता येतात. मुदत तीन वर्षांची, वाढवून सहा. अलीकडच्या वर्षांत मंजूर झालेल्या अशा अर्जांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांचे होते.

या व्हिसाची खुबी अशी की, तात्पुरता असूनही तो धारण करणाऱ्याला कायमच्या वास्तव्याची इच्छा बाळगण्यास कायदा मोकळीक देतो. मात्र त्यासाठीचा अर्ज सामान्यतः मालकाने करावयाचा असतो. त्या कामासाठी योग्य आणि तयार असा अमेरिकन कामगार मिळाला नाही, हे मालकाने श्रम खात्याला दाखवावयाचे. नंतर त्याच्याच नावाने पुढचा अर्ज. आणि मग रांग. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार कायमचे परवाने दिले जातात आणि बायकामुलेही त्याच संख्येत मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा येत नाहीत. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. परिणामी २०२५ साली उच्च पदवीधरांच्या वर्गात भारतीयांची पाळी जेमतेम २०१२-१३ च्या अर्जांपर्यंत येऊन ठेपली होती.

सहा वर्षांची मुदत आणि दशकांची रांग यांचा मेळ कसा घालावयाचा? २००० च्या कायद्याने तोडगा काढला: अर्ज रांगेत असेतोवर तात्पुरता व्हिसा पुनःपुन्हा वाढवून मिळतो. तात्पुरतेपणालाच अशा रीतीने अंत उरला नाही.

आशेचा लगाम

मालकाच्या बाजूने पाहिले म्हणजे या व्यवस्थेचे मर्म कळते. नोकरी बदलण्याची सोय कायद्यात आहे. पण पाळी येण्यापूर्वी बदलली, तर नव्या मालकाला कायमच्या परवान्याची खटपट प्रायः मुळापासून करावी लागते. म्हणून कामगार वेतनवाढीसाठी हट्ट धरताना दहादा विचार करतो. किमान वेतनाचे बंधन आहे. पण त्याच्या चार पायऱ्यांपैकी खालच्या दोन त्या धंद्यातील मध्यम वेतनाच्याही खाली बसविल्या आहेत. घरातही हीच कथा. अशा तंत्रज्ञाच्या पत्नीला २०१५ पर्यंत नोकरीची बंदी होती. त्यानंतरही पतीचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोहोचल्यावरच मुभा मिळू लागली. चार वर्षांचे असताना गेलेले मूल रांगेतच एकवीस वर्षांचे झाले, तर आईवडिलांच्या अर्जावरील त्याचा हक्क संपू शकतो.

मध्ययुगातील वेठबिगाराला जमिनीशी बांधले जाई. या सुशिक्षित कामगाराला त्याच्या आशेनेच बांधले आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी परदेशातून आणावयाच्या नव्या कामगारांच्या अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याचे फर्मान काढले. अमेरिकन कामगाराचे रक्षण, हे त्याचे घोषित कारण. परंतु आकार मालकाकडून घेतल्याने कामगाराच्या पायांतील बेडी सुटत नाही. आणि शेजारचा माणूस बेडीत असेतोवर अमेरिकन कामगाराचे वेतनही सुरक्षित राहत नाही.

जर्मनीचा धडा

ही रीत संगणकाच्या युगाने शोधलेली नाही. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून ‘पाहुणे कामगार’ आणले. दोन वर्षे राबायचे आणि परतायचे, असा मूळ नियम. पण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठविणे कारखानदारांनाच परवडेना. १९६४ साली ती अट गेली. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात, सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकले, तेव्हा संप पेटला. काढलेल्यांना परत घ्या, पट्ट्याचा वेग कमी करा, सर्वांना ताशी एक मार्क वाढ द्या, अशा मागण्या होत्या. त्यांत ‘सर्वांना’ हा शब्द महत्त्वाचा. जर्मन कामगार संघटनेच्या नेतृत्वाने मात्र संपकऱ्यांची साथ दिली नाही आणि पोलिसांच्या साहाय्याने संप मोडण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी भरती थांबली. एकदा गेले की परत येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी कुटुंबेच बोलावून घेतली. पाहुणे रहिवासी झाले. पण बरोबरीच्या हक्कांसाठी त्यांना पुढे दीर्घकाळ झगडावे लागले.

मागणी कोणती?

देशोदेशीच्या कामगारांना एकमेकांपुढे प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे, हा भांडवलदार वर्गाचा जुना डाव आहे. त्याला उत्तर दरवाजे बंद करण्याचे नव्हे. परवाना मालकाच्या नव्हे, कामगाराच्या हाती असावा. ठरावीक वर्षे काम केल्यावर कायमचे वास्तव्य हक्काने मिळावे. समान कामाला समान वेतन आणि संघटनेत पूर्ण स्थान असावे. पत्नीला काम करण्याचा स्वतंत्र अधिकार असावा, या त्या मागण्या होत. आणि परदेशातून येणाऱ्या डॉलरांचा हिशेब अभिमानाने मांडणाऱ्या भारतीय राज्यकर्त्यांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: जनतेच्या पैशाने शिकलेल्या तरुणाला मायदेशी सन्मानाचे काम का मिळत नाही?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत आणि शेतांत अपमान सोसणाऱ्या भारतीय मजुरांनी १९१३ साली गदर पक्ष उभारला. त्याचे अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः गिरणीत राबलेले होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे तिकडे शिकावयास गेले, गदरमध्ये सामील झाले आणि १९१५ साली लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले. परक्या भूमीवर एकट्या कामगाराला किंमत नसते, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले होते. आज रांगेत आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या तंत्रज्ञालाही शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याशी, मग तो कोणत्याही देशाचा असो, हात मिळवूनच ही रांग मोडावी लागेल.