पाचशे बारा खणांचे यंत्र



संगणक हा शब्द उच्चारला म्हणजे पडदा, कळफलक आणि अमर्याद वाटणारा साठा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज मला ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे त्याला पडदा नाही, कळफलक नाही, आणि त्याचा साठा तर इतका अल्प आहे की तो खण मोजावेत तसा मोजता येतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. मराठीत सूक्ष्मनियंत्रक म्हणावयास हरकत नाही. गणन करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी विद्युत्संकेतांची देवघेव करण्याची सोय ही सर्व सामग्री त्याच्या एकाच चिपमध्ये सामावलेली असते. कपडे धुण्याच्या यंत्रात, दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये, दुकानातील वजनकाट्यात तो मुकाट्याने काम करीत असतो. माझा व्यवसाय भाषांतराचा आणि शिक्षण मराठी साहित्याचे. तेव्हा अभियंत्याच्या अधिकाराने नव्हे, तर छंद म्हणून या यंत्रांसाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्यांपैकी एक या नात्याने मी बोलत आहे.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीचा टीएमएस १००० हा सूक्ष्मनियंत्रक १९७४ साली बाजारात आला. इंटेल कंपनीचा ८०५१ हा १९८० चा. त्याच्यात आज्ञावलीसाठी ४,०९६ बाइट आणि बदलत्या मजकुरासाठी अवघे १२८ बाइट जागा होती. आपल्या देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच ८०५१ वर शिकल्या. पुढे नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून एव्हीआर नावाचे कुल निर्माण झाले व १९९७ साली अ‍ॅटमेल कंपनीने ते विक्रीस आणले. इटलीतील इव्हरेआ या गावी २००५ साली आर्डुइनो या फलकाचा जन्म झाला, तो याच कुलातील चिपच्या आधाराने आणि अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांना हाताळता यावा या हेतूने. त्यानंतर हा छंद सामान्य जिज्ञासूंच्या आटोक्यात आला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट येथील दुकानांतून या वस्तू आज सहज मिळतात.

उदाहरणादाखल एव्हीआर कुलातील एटीटायनी ८५ ही चिप घेऊ. तिला आठ पाय असतात आणि तिच्या पोटात तीन प्रकारची स्मृती असते. पहिली आज्ञावलीची, ८,१९२ बाइटांची. दुसरी काम चालू असताना लागणारी, ५१२ बाइटांची. वीज गेली की ती पुसली जाते. तिसरीही ५१२ बाइटांचीच, परंतु वीज गेली तरी टिकणारी. ५१२ बाइट म्हणजे किती? संगणकावरील प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. म्हणजे या स्मृतीत १७० चिन्हे मावतील. छापील पुस्तकाच्या तीन-चार ओळींहून अधिक नाही. ४ गिगाबाइट स्मृतीच्या भ्रमणध्वनीत अशी ५१२ बाइटांची फडताळे ८३,८८,६०८ इतकी बसतील.

मग असे कोते यंत्र हौसेने कोणी का वापरावे? याचे उत्तर एका प्रत्यक्ष कामातूनच मिळेल. समजा, घराच्या गच्चीवरील तपमान दर तासाला टिपून ठेवावयाचे आहे. वीज गेली तरी नोंदी राहाव्यात म्हणून त्या तिसऱ्या स्मृतीत ठेवू. आठवड्याच्या नोंदी होतात १६८. प्रत्येक तपमान दशांशांसह लिहावयाच्या नेहमीच्या पद्धतीला चार बाइट लागतात, एकूण ६७२. ५१२ खणांत ते मावणार नाहीत. येथे छांदिष्टाला थांबून विचार करावा लागतो. डीएस१८बी२० हा लोकप्रिय तपमापक नेहमीच्या हवामानात अर्ध्या अंशापर्यंतच्या अचूकतेची हमी देतो. ज्याचा अर्धा अंशच भरवशाचा, त्याचे चार-चार दशांश जपून ठेवणे ही आत्मवंचना नव्हे काय? तेव्हा तपमान अर्ध्या अंशांत मोजावे. एका बाइटात शून्यापासून साडेएकशे सत्तावीस अंशांपर्यंतचे सर्व आकडे येतात. लेहसारख्या ठिकाणी शून्याखालचे आकडेही हवेत, तर मोजणी उणे ४० पासून सुरू करावी. तरीही एकच बाइट पुरतो. आठवडा १६८ बाइटांत बसला, आणि या काटकसरीत खरे असे काहीच गमावले नाही.

आता हाव वाढते. तीस दिवसांच्या नोंदी हव्यात. त्या झाल्या ७२०. पुन्हा जागा अपुरी. मग युक्ती अशी की, पहिले तपमान पूर्ण लिहावे आणि पुढे फक्त मागील तासापासून झालेला फरक लिहावा. फरक लहान असल्याने एका बाइटात दोन नोंदी मावतात आणि सारा महिना ३६१ बाइटांत बसतो. परंतु या अर्ध्या बाइटात उणे चार ते अधिक साडेतीन अंश एवढाच फरक लिहिता येतो. वैशाखाच्या एखाद्या तापलेल्या दुपारी वळवाची सर कोसळली आणि तासाभरात पारा आठ अंशांनी उतरला, तर? नोंदीत चारच अंशांची उतरण येईल. फरक मागील खऱ्या तपमानापासून काढला असेल, तर ही चूक पुढच्या प्रत्येक नोंदीत वाहत जाईल. तो मागील लिहिलेल्या आकड्यापासून काढला, तर तासा-दोन तासांत वही खऱ्यावर येईल खरी. पण वळवाची ती सर संध्याकाळच्या झुळुकीसारखी दिसेल. म्हणजे ज्या क्षणासाठी नोंद ठेवावयाची, नेमका तोच क्षण काटकसरीने पुसला.

माझ्या मते या छंदाचे मर्म येथेच आहे. पहिल्या काटकसरीत आपण जे टाकले ते निरर्थक होते. दुसरीत टाकले ते कदाचित सर्वांत मोलाचे होते. दोन्ही वेळा यंत्राने निमूटपणे आज्ञा पाळली. काय राखावे आणि काय सोडावे याचा निर्णय, आणि त्याची जबाबदारी, सर्वस्वी माणसाची. मोठ्या यंत्रांतही छायाचित्रे, ध्वनी, नोंदी यांतून असेच काही ना काही गाळले जाते. परंतु ते कोणी गाळले आणि कोणत्या विचाराने, हे वापरणाऱ्याला सहसा दिसत नाही. लहान यंत्रात ते झाकून राहत नाही.

आपल्या लिपीपुरते एक उदाहरण देतो म्हटले तर ते असे. दोन ओळींचा जो स्वस्त अक्षरपट्ट या छंदात सर्रास वापरतात, त्याच्यात रोमन अक्षरे तयार असतात. देवनागरी नसते. नवी अक्षरे घडविता येतात, पण एका वेळी केवळ आठ, आणि प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. पाण्याच्या टाकीसाठी ‘पाणी भरले’ आणि ‘पाणी संपले’ अशा दोन सूचना हव्या असल्या, तर लागणाऱ्या चौकटी मोजून पाहा: प, काना, ण, दीर्घ वेलांटी, भ, र, ले आणि सं. बरोबर आठ! शिरोरेषा चौकटीगणिक तुटते, ‘ण’ काहीसा अवघडून बसतो. पण इंग्रजी न जाणणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांना ती सूचना वाचता येते. शब्दांची निवड आठ खणांनी ठरविली, आणि भाषा मात्र आपली राहिली.

या अल्पतेचे धोकेही सांगितले पाहिजेत. काम चालू असतानाच्या स्मृतीत एका टोकाकडून आपले आकडे जागा व्यापतात आणि दुसऱ्या टोकाकडून यंत्राचे स्वतःचे टिपण वाढत येते. दोघांची गाठ पडली, तर यंत्र ओरडत नाही. ते चुकीची उत्तरे देऊ लागते. म्हणून जाणते लोक प्रारंभी रिकाम्या जागेत एक ठरावीक खूण भरून ठेवतात आणि नंतर ती कोठवर पुसली गेली ते पाहतात. टिकाऊ स्मृतीही अक्षय नव्हे; तिच्या एका खणात एक लक्ष वेळा लिहिता येईल, एवढीच हमी उत्पादक देतो. दर सेकंदाला त्याच खणात लिहीत गेले, तर ही मर्यादा अठ्ठावीस तासांच्या आत गाठली जाते. तासाला एकदा लिहिले, तर तिला अकरा वर्षे लागतात.

अशा यंत्राचा कोपरान् कोपरा एका माणसाला कळू शकतो. आपल्या हाती असलेल्या फारच थोड्या यंत्रांविषयी आज असे म्हणता येईल. ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांनी प्रथम एक दिवा लुकलुकवावा, मग तपमान मोजावे, आणि खण अपुरे पडू लागले की मोठी चिप घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आपल्याला नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे, हे बहुधा तेव्हाच प्रथम स्पष्ट होते.