क्लस्टरची तारीख बघितली का?

मंडळी, मी संभाजीनगरात बसून वाळूजच्या कारखान्यांची क्लस्टर्स सांभाळतो. कुबरनेटीसची नवी आवृत्ती वर्षात साधारण तीनदा येते. ॲमेझॉनच्या ईकेएसवर तिला १४ महिने नेहमीचा सपोर्ट, मग १२ महिने वाढीव. वाढीव फुकट नाही हं! तासाला १० सेंटचे थेट ६० सेंट. महिन्याला एका क्लस्टरमागे ७३ डॉलरचे ४३८. तेही संपलं की ते स्वतःच अपग्रेड करतात, तुमची दिवाळी आहे का ते न विचारता.

आणि उडी मारता येत नाही. १.३० वरून १.३३ म्हणजे तीन पायऱ्या, प्रत्येक आधी टेस्ट क्लस्टरवर. १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी काढूनच टाकली होती, आठवतंय ना? म्हणून मी शेवटच्या तारखेपासून उलटं मोजतो, तीन महिने हाताशी ठेवतो. दसरा ते दिवाळी मात्र हात लावत नाही. "चालतंय ना, मग कशाला?" असं साहेब म्हणाले, की मी बिल दाखवतो.