बाजाराची भाषा आणि घराची भाषा

(पंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



भिन्न मातृभाषा बोलणारे समाज शेजारी नांदू लागले की देवघेवीसाठी त्यांच्यात एक समाईक भाषा रुजते. तिला आपण संपर्कभाषा म्हणतो. अशी भाषा केवळ राजाज्ञेने रुजते असे नाही. पुष्कळदा ती आठवडी बाजारात वाढते. गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या बस्तरमधील हलबी हे याचे ठळक उदाहरण होय.

बस्तरची हलबी

बस्तरमध्ये मुरिया व माडिया लोक गोंडीची निरनिराळी रूपे बोलतात. धुरवा समाजाची बोली गोंडीप्रमाणेच द्राविडी कुलातील. परंतु एक येणाऱ्यास दुसरी समजेलच असे नाही. भतरी ही ओडियाच्या जवळची. मोह, चिंच, मीठ, कापड यांच्या खरेदी-विक्रीसाठी ही सारी मंडळी बाजारात जमतात, तेव्हा त्यांना हलबीचा आधार वाटत आला आहे.

हलबी ही मुळात हलबा समाजाची भाषा. बस्तर संस्थानाच्या कारभारातही तिला स्थान होते. मराठी, ओडिया व छत्तीसगढी या तिन्हींच्या खुणा तिच्यात आढळतात. आपला 'चा-ची-चे' हा प्रत्यय तेथे 'चो' या रूपाने भेटतो. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक पाहणीच्या १९०५ मधील मराठीविषयक खंडात तिचा समावेश केला, तो अशाच साम्यांमुळे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ६६ हजार लोकांनी हलबी ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदविले. दुसरी भाषा म्हणून ती वापरणारे याहून निराळे.

इंडोनेशियाचा धडा

समाईक भाषा ही सर्वांत मोठ्या समाजाचीच असली पाहिजे, असाही नियम नाही. इंडोनेशियात जावानी बोलणारे संख्येने सर्वाधिक होते. तरीही १९२८ च्या युवक परिषदेने ऐक्याची भाषा म्हणून मलायी स्वीकारली आणि तिला इंडोनेशियन भाषा असे नाव दिले. ती बेटाबेटांतील बंदरांची व्यापारी भाषा होती. तिच्या स्वीकाराने कोणा एका मोठ्या समाजाचे वर्चस्व येईल, ही शंका उरली नाही. १९४५ च्या राज्यघटनेने तिला राज्यभाषेचे स्थान दिले. तरी जावानी आजही कोट्यवधी घरांत बोलली जाते.

संपर्कभाषेची मर्यादा

परंतु संपर्कभाषा सर्वांना सारखीच येते, असे समजणे धोक्याचे आहे. बाजाराला, मजुरीला वा कचेरीत जाणाऱ्यास ती लवकर येते. पाड्यातच राहणाऱ्या वृद्धेला आणि पहिलीत आलेल्या बालकाला ती क्वचितच येते. भाव ठरविण्यास पुरणारी भाषा आजाराची लक्षणे सांगण्यास किंवा जमिनीविषयी संमती देण्यास पुरेलच असे नाही.

गडचिरोली जिल्ह्यातच मराठीबरोबर गोंडी, माडिया, हलबी, छत्तीसगढी, तेलुगू व बंगाली कानी पडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला महत्त्वाचे अधिकार दिले आहेत. ठराव न समजलेल्या भाषेत वाचला गेला आणि सभा गप्प राहिली, तर त्या मौनाला संमती म्हणता येणार नाही.

आपले कर्तव्य

राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक बालकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींचा निर्देश आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ हाही शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असेच सांगतो. या तरतुदी गावात उतरविणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. शिक्षकाने मुलांच्या बोलीतील नित्याचे शंभर-दोनशे शब्द आत्मसात करावेत आणि त्या आधाराने मुलांना मराठीकडे न्यावे. सरपंचांनी ठराव स्थानिक बोलीत समजावून सांगितल्यावरच मतास टाकावा. दवाखान्यात दुभाषाचे काम करू शकेल अशी गावातील व्यक्ती आधीच हेरून ठेवावी.

संपर्कभाषा अवश्य वाढो. तिच्याविना शेजार जुळत नाही, कारभार चालत नाही. मात्र ती शिकण्याचा भार केवळ पाड्यावरील माणसावर पडू नये. त्याने चार पावले मराठीकडे टाकली असतील, तर आपणही त्याच्या बोलीकडे दोन पावले टाकली पाहिजेत, एवढीच आपणा सर्वांना विनंती आहे.