परळचा बंगला आणि पटकीचे विष



अध्यक्षस्थानावरून वैद्यकीय लेखनाच्या एकंदर स्थितीचे समालोचन व्हावे अशी आपली अपेक्षा असेल, आणि ती रास्तही आहे. परंतु दादरच्या या सभागृहापासून परळचे अंतर इतके थोडे, आणि परळच्या एका जुन्या इमारतीत १९५९ साली जे सिद्ध झाले त्याची मराठी लेखनातील नोंद माझ्या वाचनात इतकी विरळ आली आहे, की मला मिळालेला सगळा वेळ त्या एकाच विषयाला द्यावा असे मी ठरविले. पटकीच्या जंतूचे विष, आणि त्या विषाची ओळख पटल्यानंतर ज्यांचा मार्ग मोकळा झाला त्या तोंडावाटे घ्यावयाच्या लसी, हा तो विषय होय.

माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. मृगाची पहिली सर येऊन गेली की आजी नळाचे पाणी उकळून, धुवट फडक्याने गाळून पितळी हंड्यात भरून ठेवी, उघड्यावरचे काही खाऊ देत नसे, आणि पटकी हा शब्द मात्र कधी तोंडातून काढीत नसे. ‘जरीमरी’ एवढेच म्हणून ती हात जोडी. चाळीतून कुणाला ‘आर्थर रोडला’ नेले, म्हणजे तेथील साथीच्या इस्पितळात पोहोचविले, की त्या बिऱ्हाडासमोरून जाण्याची आम्हां मुलांना मनाई होई. रात्रपाळी करून आलेला धडधाकट गिरणी कामगार दुपारपर्यंत डोळे खोल जाऊन, आवाज बसून, हातापायांची कातडी सुरकुतून निपचित पडावा, ही गोष्ट मोठ्यांच्या बोलण्यातून मी इतक्यांदा ऐकली होती, की या रोगाची मुख्य खूण म्हणजे त्याची घाई, हे पुस्तक हाती येण्यापूर्वीच मला ठाऊक होते. ताप नाही, जखम नाही, अवयवाचा नाश नाही, आणि तरीही तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांवाटे तासाला लिटरभरापर्यंत पाणी निघून जाऊन माणूस अक्षरशः सुकतो. हे घडते कसे, हा प्रश्न वैद्यकापुढे फार काळ अनुत्तरित उभा होता.

आता त्या इमारतीकडे वळतो. आज जिला आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो ती वास्तू एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले गेले त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत त्यांच्या पत्नीला याच बंगल्यात पटकीने मृत्यू आला, आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम परळहून हलून मलबार पॉइंटला गेला. तोफा, पहारे आणि चोपदार यांच्या बंदोबस्तातही जो रोग दिवाणखान्यापर्यंत पोहोचला, त्याच रोगाचे गूढ पुढे त्याच आवारात उकलावे, याहून विलक्षण योग मुंबईच्या इतिहासात मला तरी आढळलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवल्यावर वाल्देमार हाफकिन येथे आले; त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली या रिकाम्या बंगल्यात आणण्यात आली, आणि १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. प्लेगची लस हीच त्यांची कीर्ती झाली असली तरी त्यांचे पहिले कार्य पटकीवरचे होते, हे विसरता कामा नये. १८९२ साली पॅरिसमध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात येऊन हजारो लोकांना टोचली.

टोचली, या शब्दापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. जंतू शरीरात शिरतो, रक्तात किंवा मांसात ठाण मांडतो, म्हणून रक्षणाची तजवीज रक्तातच केली पाहिजे, हा विचार त्या काळास धरून होता. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते अशीही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या जंतूचा शोध पक्का करताना, तो एखादे विष निर्माण करीत असावा असा तर्क मांडला होता. परंतु तर्काला पुरावा लागतो, पुराव्याला प्रयोग लागतो, आणि प्रयोगाला असा प्राणी लागतो की ज्याला माणसासारखीच पटकी व्हावी. प्रौढ प्राण्यांना ती नैसर्गिक रीतीने होईना, आणि येथेच सगळे अडून राहिले.

ही कोंडी फोडण्यात परळचा वाटा मोठा आहे. हाफकिन संस्थेतील निर्मलकुमार दत्त आणि हब्बू यांनी १९५५ साली असे दाखविले की, दहाबारा दिवसांच्या सशाच्या पिलाच्या आतड्यात पटकीचे जंतू सोडले असता त्याला माणसाप्रमाणेच जुलाब होतात आणि ते दगावते. पुढे १९५९ साली दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी दुसरे पाऊल टाकले: जिवंत जंतू ज्यात एकही नाही असा, जंतूंच्या पेशींपासून काढलेला अर्क त्यांनी त्या पिलांना दिला, आणि तोच रोग, तेच जुलाब, तोच मृत्यू त्यांच्या दृष्टीस पडला. मारणारा जंतू खरा, पण मारण्याचे हत्यार त्याच्या देहापासून वेगळे काढता येते, हे यावरून सिद्ध झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी प्रौढ सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून, त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडून, तो भाग पाण्याने टरारून फुगतो हे दाखविले. डे यांचा प्रयोग अधिक सुटसुटीत होता आणि जगाने त्याला दिलेला मान योग्यच आहे. त्यांचे नाव मागे सारून परळचे नाव पुढे करावे असे माझे मुळीच म्हणणे नाही; परंतु एकाच वर्षी, एकाच देशातील दोन शहरांत, दोन निराळ्या मार्गांनी एकाच सत्यापर्यंत माणसे पोहोचली, आणि त्यांतल्या एका शहराला स्वतःच्याच माणसांची नावे ठाऊक नसावीत, याचे मला दुःख होते.

या विषाचे कार्य आज तपशिलाने समजले आहे. त्याचे दोन भाग असतात. पाच सारख्या उपघटकांचे एक कडे आतड्याच्या पेशीला जाऊन चिकटते, आणि त्याने दार उघडून दिल्यावर दुसरा भाग आत शिरतो व पेशीतील एक कळ कायमची दाबलेली राहील अशी व्यवस्था करतो. मग क्षार पेशीतून आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात आणि क्षारांमागून पाणी जाते. चाळीतल्या सार्वजनिक नळाची चावी पिळून मोडावी आणि पाणी थांबविण्याचा उपायच उरू नये, तशी ती अवस्था असते. आतड्याचे अस्तर मात्र शाबूत राहते. साखरेच्या सोबतीने मीठ शोषून घेण्याची त्याची शक्ती नष्ट होत नाही. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य माणसे जगविली ती याच आधारावर.

विष आतड्यातच काम करते आणि जंतूही रक्तात न शिरता आतड्याच्या पृष्ठभागावरच राहतो, हे कळल्यावर टोचण्याच्या लसीचे तोकडेपण उमगले. दंडात टोचलेल्या लसीने निर्माण होणारी प्रतिद्रव्ये रक्तात फिरतात. आतड्याच्या पोकळीत त्यांतील थोडीच उतरतात. संरक्षण अपुरे आणि काही महिन्यांचेच असल्याने १९७३ साली आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या लशीच्या दाखल्याची सक्ती उठविण्यात आली. रोग ज्या वाटेने येतो त्याच वाटेवर पहारा बसविला पाहिजे, म्हणजे लस तोंडावाटे दिली पाहिजे, हा विचार स्वीडनमधील यान होल्मग्रेन यांनी नेटाने पुढे नेला. मारलेले जंतू आणि विषाचा निरुपद्रवी, चिकटणारा भाग यांची लस १९८५ साली बांगलादेशातील मतलब येथे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. पुढे असे आढळले की त्या भागाचे संरक्षण अल्पकालीन असते व त्याने खर्च मात्र वाढतो. तेव्हा केवळ मारलेल्या जंतूंची स्वस्त लस सिद्ध झाली. कलकत्त्याच्या वस्त्यांत २००६ पासून झालेल्या चाचणीत तिच्या दोन मात्रांनी पाच वर्षांत ६५ टक्के संरक्षण दिले, आणि २००९ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने तयार केलेली ही लस बाजारात आली. विषाचा अंश तिच्यात नाही. परंतु ती पोटातच का पोहोचली पाहिजे याचे उत्तर त्या विषाच्या अभ्यासाने दिले.

मुंबईला तोंडावाटे द्यावयाच्या लसीचा परिचय पोलिओमुळे झाला. हाफकिनच्या आवारातून पोलिओ थेंबांच्या कुप्यांची रवानगी गावोगावी होत आली, आणि परळच्याच आंत्रविषाणू केंद्राने २००१ पासून या शहराच्या सांडपाण्यात पोलिओच्या विषाणूचा शोध घेण्याचे चिकाटीचे काम केले. अतिसार करणाऱ्या रोटाविषाणूवरील लस आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. तरीही एक कटू गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. तोंडावाटे घेतलेल्या लसी श्रीमंत देशांतील बालकांत जितक्या गुणकारी ठरतात तितक्या आपल्या दाटीच्या वस्त्यांतील बालकांत ठरत नाहीत. कुपोषण आणि आतड्यातील सततचे जंतुसंसर्ग त्यांचे बळ कमी करतात. ज्या मुलाला लशीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती सर्वांत कमी लाभते. म्हणून विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने आणणाऱ्या या शहराने, कित्येक वस्त्यांत गटाराला लागूनच पिण्याचा नळ राहू द्यावा, हे मला अक्षम्य वाटते.

शेवटी लेखकांकडे माझे एक मागणे आहे. हब्बू, पानसे, कुलकर्णी ही नावे मी घेतली. त्यांच्या शोधनिबंधांपलीकडे त्यांच्याविषयी मराठीत काही लिहिलेले मला मिळाले नाही. सशांची निगा राखणारे, काचेची भांडी निर्जंतुक करणारे, रात्री उबवणपेटीवर लक्ष ठेवणारे जे हात त्या कामामागे होते, त्यांची तर नावेही छापली गेली नाहीत. परळ, लालबाग, गिरगावच्या चाळी एकामागून एक पाडल्या जात आहेत, आणि त्यांतल्या ट्रंकांतले जुने कागद रद्दीत चालले आहेत. आपल्या वाडीत, इमारतीत, नात्यात हाफकिनमध्ये नोकरी केलेले कुणी वृद्ध हयात असतील, तर या पावसाळ्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन बसा, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि ते कागद या परिषदेच्या दफ्तरी आणून द्या.