पापाच्या दास्यातून सुटका

ख्रिस्ती शिकवणीत पाप आधी सत्ता आहे आणि मग कृत्य. चोरी, खोटी साक्ष, व्यभिचार, द्वेष ही त्या सत्तेची बाहेर दिसणारी फळे. मुळाशी असते देवाकडे पाठ फिरवलेले मन. असे मन ज्याला शरण जाते, त्याचेच होऊन बसते. म्हणून नव्या करारात पापाविषयी गुन्हा आणि शिक्षा यांच्या भाषेइतकीच दास आणि धनी यांची भाषा येते. अपराधाची क्षमा झाली तरी धन्याची पकड सुटायची राहते, आणि ख्रिस्ती मुक्तीविचाराला या दोन्हींचा निकाल लावावा लागतो. जन्ममरणाचा फेरा चुकवणे हा त्याचा विषय नाही, देहाला टाकून आत्म्याने निसटणे हाही नाही. माणूस देहासकट पापाच्या ताब्यातून सुटून देवाच्या सहवासात यावा, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

या विचाराचा पाया जुन्या करारातील निर्गमाच्या कथेत आहे. मिसरात फारोसाठी विटा पाडणाऱ्या इस्राएल लोकांना देव मोशेच्या हातून बाहेर काढतो आणि त्यानंतर सीनाय पर्वतापाशी त्यांना दहा आज्ञा देतो. आधी सुटका, मग आज्ञा, हा क्रम पुढच्या साऱ्या ख्रिस्ती विचाराने जपला. आज्ञा पाळल्याचे बक्षीस म्हणून सुटका मिळालेली नाही. सुटका झाली म्हणून आज्ञा पाळायच्या आहेत. पण याच कथेत पुढे रानात लोकांना मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवू लागतात आणि ते रडू लागतात. फारो मागे राहिला तरी दास्याची सवय सोबत आली होती. लेवीय पुस्तकातील योबेल वर्षाची तरतूदही याच धाग्यातली: दर पन्नासाव्या वर्षी दास झालेल्या इस्राएली माणसाने आपल्या घरी परतावे, विकलेली जमीन मूळ कुळाकडे जावी. यशयाच्या पुस्तकात बंदिवानांच्या सुटकेचे वचन येते, आणि लूकच्या शुभवर्तमानानुसार नासरेथच्या सभास्थानात तेच वचन वाचून येशू ते आपल्या ठायी पूर्ण झाल्याचे सांगतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात हा विचार थेट माणसाच्या अंतःकरणाला भिडतो. सत्य तुम्हाला मोकळे करील, असे येशू सांगतो तेव्हा ऐकणारे दुखावतात. अब्राहामाच्या वंशजांना दास कोण म्हणणार? वास्तविक त्या वेळी यरुशलेमवर रोमची सत्ता होती. येशू मात्र रोमचे नावही काढत नाही. जो पाप करतो तो पापाचा दास, आणि दासाला घरात कायमची जागा नसते. ती पुत्राची असते, म्हणून मोकळे करण्याचा अधिकारही पुत्राचाच, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या आशयाला शास्त्रीय मांडणी दिली. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की बाप्तिस्म्यात जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो, आणि मेलेल्यावर जुन्या धन्याचा हक्क चालत नाही. तिथून पुढे माणूस नीतिमत्त्वाच्या सेवेत रुजू होतो. सातव्या अध्यायात हवेसे वाटणारे चांगले न करता नकोसे वाटणारे वाईटच करणाऱ्या मनाची ओढाताण येते, आणि आठव्यात त्यावरचा उतारा: पवित्र आत्म्याचे सामर्थ्य. गलतीकरांस पत्रात तो बजावतो की हे स्वातंत्र्य देहस्वभावाला मोकळे रान देण्यासाठी नसून प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. ख्रिस्ती अर्थाने मोकळा झालेला माणूस बिनधन्याचा होत नाही. त्याचा धनी बदलतो, आणि नवा धनी त्याला पुत्र मानतो.

ही सुटका ख्रिस्ताच्या मरणाने कशी साधली, याची उत्तरे मंडळीने निरनिराळ्या काळांत निरनिराळी दिली. आरंभीच्या अनेक आचार्यांनी खंडणी भरून सोडवलेल्या बंदिवानाची भाषा वापरली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने देवाच्या मानहानीची भरपाई हा मुद्दा पुढे आणला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत पाप हा आजार आणि तारण हे आरोग्य, या दृष्टीला मोठे स्थान आहे. सुटका माणसाच्या कमाईची नाही, ख्रिस्ताच्या देणगीची आहे, यावर मात्र या साऱ्यांचे एकमत आहे.

माणसाच्या इच्छाशक्तीचा प्रश्न पाचव्या शतकात ऐरणीवर आला. ब्रिटनमधून आलेला साधू पेलागियस म्हणे, देव आज्ञा करतो त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याला हे मान्य नव्हते. आपल्या आत्मनिवेदनात त्याने सोळाव्या वर्षीची एक चोरी तपासली आहे. त्याने आणि सोबत्यांनी रात्री एका झाडाची नासपती पाडली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेल्यांपैकी बहुतेक डुकरांपुढे टाकली. मोह फळाचा नव्हता, चुकीचाच होता, हे ऑगस्टीनला सर्वांत भयंकर वाटले. इच्छाच वाकडी झाली असेल तर ती स्वतःच्या बळावर स्वतःला सरळ कशी करणार? म्हणून कृपा आधी, आणि कृपेने मोकळी झालेली इच्छा नंतर, असा त्याचा निष्कर्ष. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते नाकारली.

हाच वाद सोळाव्या शतकात पुन्हा पेटला. मार्टिन ल्यूथरने 1520 साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. विश्वासाने माणूस कोणाचाही अंकित राहत नाही आणि प्रीतीने तो सर्वांचा सेवक होतो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, हे तिचे सार. ल्यूथरच्या मते नीतिमान ठरवलेला माणूसही आयुष्यभर पापी राहतोच. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 साली वेगळी भूमिका घेतली: कृपा माणसाला आतून खरोखर नवा करते आणि कृपेने जागी झालेली इच्छा तिला साथ देते. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने प्रीतीत परिपूर्ण होणे याच आयुष्यात शक्य असल्याचे शिकवले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करून तारण केवळ कृपेने मिळते, या मूळ मुद्द्यावर सहमती नोंदवली. काही भेद शिल्लक राहिले, पण एकमेकांच्या शिकवणीवर दिलेले जुने शाप मागे पडले.

या शतकांच्या चर्चेतून पापमुक्तीचे तीन काळ ठरले. पापाच्या दोषातून सुटका झालेली आहे. तिला नीतिमान ठरणे म्हणतात. पापाच्या सत्तेतून सुटका होत आहे, ते पवित्रीकरण. पापाच्या सहवासातूनच सुटका व्हायची आहे. ते गौरवीकरण, आणि त्याची जागा या आयुष्याच्या पलीकडे. तिन्ही काळ एकत्र धरले तरच शिकवण तोल सांभाळते. दुसऱ्या काळाचा विसर पडला की काय होते, याचे उदाहरण जॉन न्यूटनच्या चरित्रात आहे. मार्च 1748 मध्ये समुद्रातील वादळात या इंग्रज खलाशाने देवाचा धावा केला आणि तो दिवस तो पुढे जन्मभर पाळत राहिला. पण त्यानंतर 1754 पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर काम करत होता, काही वर्षे कप्तान म्हणून. रविवारी तो खलाशांना जमवून प्रार्थना चालवी आणि खाली तळात आफ्रिकी माणसे साखळदंडात असत. धंदा सुटला तोही दुखण्यामुळे. 1788 साली, वादळाला 40 वर्षे झाल्यावर, त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून आपला त्यातील वाटा जाहीरपणे कबूल केला. क्षमा झालेल्या माणसाचे डोळे उघडायला इतका काळ लागला, कारण त्याच्या भोवतीचा समाज त्या पापाला धंदा म्हणत होता.

महाराष्ट्रात या शिकवणीला पंडिता रमाबाईंनी (1858–1922) घर, शेत आणि छापखाना दिला. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या निवेदनात त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे गेली. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या स्त्रियांना आणि मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. त्या संस्थेचे नाव मुक्ती. तिथे प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई चाले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे वेगळे घर होते. पापाची क्षमा सांगायची तर जिच्यावर इतरांनी पाप केले तिलाही आधार द्यावा लागतो, हे रमाबाईंच्या कामातून दिसते.

धर्मशास्त्राची पदवी घेऊन आज मंडळीत, शाळेत, इस्पितळात किंवा तुरुंगसेवेत जाणाऱ्या स्नातकांना या शिकवणीची दोन विकृत रूपे वारंवार भेटतील. एक म्हणते, क्षमा झाली, आता कसेही वागा. त्याला पौलाने रोमकरांस पत्रातच नकार दिला आहे. दुसरे म्हणते, आधी सुधारा, मग देव जवळ करील. ते सीनायला मिसरापुढे आणून ठेवते. दारूच्या व्यसनात पुन्हा पडलेला माणूस पाळकाकडे येतो तेव्हा पहिल्या रूपाने त्याचा नाश झाकला जातो आणि दुसऱ्याने त्याची आशा खुंटते. त्याला क्षमेचे आश्वासन हवे, त्याच दिवशी सवय मोडायला मंडळीची सोबत हवी, आणि उपचारांची गरज असेल तर डॉक्टरही हवा. तसेच एखादे पाप सगळ्या गावाची रीत बनले असेल, जातीवरून पंगत वेगळी बसत असेल, मुलीच्या लग्नात हुंडा ठरत असेल, तर त्याला व्यासपीठावरून पाप म्हणणे हाही पवित्रीकरणाचाच भाग आहे. या कामात स्नातक स्वतः मुक्तिदाते नसतात. तेही मधल्या काळातले, सुटका होत असलेले लोक आहेत, आणि ज्या कृपेची घोषणा ते करतील तिची गरज त्यांना शेवटपर्यंत राहील.