मी खेळत होते तेव्हा

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्री आणि आरोग्य' असा विषय छापला आहे. रक्तक्षय, पाळी, गर्भाशय यांवर आपण नेहमी बोलतो, बोलायलाच हवं. पण आज मी खेळाविषयी बोलणार आहे. आधी एक प्रश्न विचारते. बस पकडायला नव्हे, लेकराच्या मागे नव्हे, नुसतं पळावंसं वाटलं म्हणून तुम्ही शेवटचं कधी पळलात? बऱ्याच जणी हसताहेत. म्हणजे उत्तर 'सातवी-आठवीत' असंच असणार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पाचवीत खो-खो खेळू लागले, अकरावीत कबड्डी. २००७ ते २०१० या तीन वर्षांत कॉलेजकडून दोन्ही खेळ खेळले. सत्कारात प्राचार्य म्हणाले, 'दोन खेळांत प्रावीण्य मिळवणारी गुणी मुलगी.' तेव्हा मलाही ते खरं वाटलं. आज हिशोब मांडते तेव्हा वेगळंच दिसतं. दोन्ही खेळांत संघाला बारा-बारा मुली लागत. आमच्या कॉलेजात शेकडो मुली होत्या, पण मैदानावर यायची परवानगी घरून मिळालेल्या फक्त तेरा. म्हणून कबड्डीतही आम्हीच आणि खो-खोतही आम्हीच. मुलांच्या दोन संघांत मात्र एकही नाव दोनदा नव्हतं.

त्या तेरा जणींपैकी प्रत्येकीने घरी काहीतरी कबूल केलेलं होतं. पहाटेच्या सरावाला जायचं तर आधी पाणी भरून, भाकऱ्या थापून जायचं, ही माझी अट. माझा भाऊही खेळायचा, त्याला अट नव्हती. आईची आणखी एक अट होती. खेळाची चड्डी दोरीवर उघडी वाळत घालायची नाही. पाळीच्या कपड्यासारखी तीही आईच्या परकराखाली वाळायची. पावसाळ्यात कित्येकदा ओलसर चड्डीवरच मी सामना खेळले आहे. आईला दोष देत नाही. भावकीचं बोलणं तिलाच ऐकावं लागे.

तरीही मैदानाने मला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याही शाळेने दिलं नाही. खाली मान घालून चाल, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. कबड्डीत चढाईला गेलं की समोरच्या सात जणींच्या डोळ्यांत बघावं लागतं, एकटीने त्यांच्या हद्दीत शिरून दम टिकवून परत यावं लागतं. खो-खोत सूर मारताना मी पडायला शिकले, आणि पडल्यावर रडायला वेळ नसतो हेही शिकले. तोवर शरीर म्हणजे झाकायची वस्तू होती. ते काय काय करू शकतं, हे मला मैदानावर कळलं.

दुसऱ्या वर्षी पकड करताना गुडघा पिळवटला. हळद लावली, शेकलं, महिन्याने पुन्हा खेळले. त्याच वर्षी मुलांच्या संघातल्या एकाला दुखापत झाली, तेव्हा त्याला जीपमधून सोलापूरला नेलं होतं. माझ्या बाबतीत चर्चा झाली ती एवढीच, की स्थळ बघायला येतील तेव्हा गुडघ्याचं बोलायचं नाही. अस्थिबंध फाटल्याचं मला एम.एस.डब्ल्यू. करताना शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. आजही मला मांडी घालून फार वेळ बसता येत नाही.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुठल्याही व्यासपीठावर बोललेले नाही. तिसऱ्या वर्षी स्पर्धेला बाहेरगावी गेलो होतो. आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या पकडपटूने रात्री मला उठवलं. दुखऱ्या पायाला मालिश करतो म्हणून संघाचे व्यवस्थापक तिला खोलीत बोलवत होते, आणि हे तिसऱ्यांदा झालं होतं. तिने विचारलं, 'तू माझ्याबरोबर सरांकडे येशील का?' विद्यापीठाच्या संघाची निवड आठवड्यावर आली होती. मी म्हणाले, 'निवड होऊ दे, मग बघू.'

माझी निवड झाली. ती मैदानावर यायची बंद झाली. 'घरचे पाठवत नाहीत,' असं सगळे म्हणत. मीही तेच म्हणत राहिले. चार महिन्यांत तिचं लग्न झालं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, 'तू आली असतीस तर दोघींनाही काढलं असतं त्यांनी. पण आपण दोघी तर असतो.'

मैत्रिणींनो, हा माझा भित्रेपणा होताच. पण तो कशावर पोसला गेला, हेही पाहिलं पाहिजे. निवड, प्रवास, मुक्काम, प्रमाणपत्र सगळं एकाच माणसाच्या हातात होतं. आणि तक्रार घरी पोचली असती तर व्यवस्थापक घरी बसला नसता, आम्ही तेरा जणी बसलो असतो. गप्प बसणं ही आम्हाला मिळालेल्या परवानगीची किंमत होती. २०२३ साली महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या तेव्हा लोक विचारत होते, 'इतके दिवस का बोलल्या नाहीत?' मला उत्तर माहीत होतं.

बाहेर बदल झाला नाही असं नाही. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, स्त्रियांची २०१० साली. वीस वर्षं वाट पाहून आलेल्या आपल्या मुलींनी त्याच वर्षी सुवर्णपदक जिंकलं. २०१८ साली आपल्या मुलींना हरवून इराणच्या मुली जिंकल्या, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी जिंकला. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पुरुषांची व्यावसायिक कबड्डी लीग २०१४ पासून चालू आहे आणि तिच्याबरोबर स्त्रियांचे तीन संघ खेळवले गेले ते २०१६ च्या एकाच हंगामात, हेही विसरू नका.

आपल्या हातात काय आहे? २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचं ठिकाण स्पष्टपणे धरलेलं आहे. तक्रार करणारी पगारी नोकर असण्याची गरज नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. आमच्या वेळी विशाखा निकाल येऊन दहा वर्षं झाली होती, पण तो आम्हाला कुणी सांगितला नाही. तुम्ही आपापल्या तालुक्यातल्या क्लबात, शाळा-कॉलेजात जाऊन विचारा, समिती कुठे आहे? मुलींच्या संघाबरोबर कोण बाई जाते?

मी काम करते त्या वस्तीत आम्ही मुलींचा संध्याकाळचा खेळ सुरू केला आहे. बाहेरगावी जाताना दोन आया बरोबर असतात. एक गोष्ट पालकांच्या बैठकीतच ठरवून घेतली आहे: तक्रार आली तर माणूस बदलायचा, मुलींचा खेळ बंद करायचा नाही. यावर आया लवकर तयार झाल्या, वडिलांना वेळ लागला.

भाषण पुरे. मागच्या मैदानावर मी सकाळीच फक्कीने रेषा आखून ठेवल्या आहेत. पाच वाजता साड्या खोचून या. माझा गुडघा साथ देत नाही, म्हणून मी पंच.